आतून मेण

हिंगणा एमआयडीसीत, गल्ली संपते तिथे
धनपाल हेडाऊंचं प्लेटिंगचं दुकान.
आम्लाच्या वासानं आधी डोळे चुरचुरतात,
मग कळतं, आलो आपण.

त्यांनी टेबलावर तार टाकली.
तारेत ओवलेले सात नट,
एकाच मापाचे, एकाच लोखंडाचे.
"पाहा मॅडम. घाई नका करू."

क्रोममध्ये माझं नाक आधी आलं, मी मागून.
निकेल जरा पिवळट,
जानेवारीत चार वाजता
कळमन्याच्या टिनांवर पडतं तसं ऊन.
पितळेचा मुलामा. "दर रविवारी चिंचेनं घासान काय?"
नाही घासणार. घरची समईच काळी पडलीय.
तांबं चार महिन्यांत हिरवं होते, म्हणाले,
अन् ते हिरवंच लोकाईले आवडून राह्यलं हल्ली.
जस्ताचा नट रॉकेल सांडलेल्या डबक्यासारखा,
कंपनीतून निघताना म्हणे गाडीत हेच होतं.
पावडर कोटचा त्यांनी नखानं उलटा केला:
पोत खडबडला तर त्याला संत्र्याची साल म्हणतात,
जगभर हा दोष धरतात.
नागपुरात धरायचा की नाही
ते त्यांनी माझ्यावर सोडलं.
सातवा कोरा. कडेनं गंजलेला.
"हा फक्त तुलनेसाठी."

गाडी शहाऐंशीची कॉन्टेसा,
गोंदियाच्या एका राइस मिलच्या शेडमधून आणलेली,
भुशासकट.
मुनाफभाईंनी इंजिन खोललं त्या दिवसापासून
मी झोपताना चकाकी निवडते आहे.
भाऊ म्हणाला, बॉनेट बंदच असते ताई,
कोणाला दाखवायचं आहे?
वीज मंडळात तीस वर्षं मी मीटरच्या आतलं पाहत आले.
बंद डब्यात काय आहे
यावरच माझं घर चाललं.
त्याला हे सांगितलं नाही. चहा ठेवला.

निकेल ठरलं.
हेडाऊंनी टॅपेट कव्हर उलटं केलं,
अंगठ्यानं काळं ऑइल पुसलं
आणि थांबले.
आतल्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं, वेडंवाकडं:

१२-४-९१ हेड खोललं.
३-११-९३ गॅसकेट. एकशे चाळीस.
९-६-९४ सुमनला दवाखान्यात नेलं. रात्री. चालली.

त्यापुढे काही नाही.
चार बोटं कोरा पत्रा.

"चालली म्हणजे?"
"गाडी चालली," हेडाऊ म्हणाले.
मग जरा वेळानं, "गाडीच असन."

टाकीत बुडवलं का आतलं बी जाते.
आधी ॲसिड, मग बफ.
"चढवाच्या आधी सोलावं लागते, मॅडम."

मी सातही नट एकेक पुढे सारले, मागे सारले,
भाजी न घेता उठणाऱ्या बाईसारखे.
ते काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर
चहाच्याच पातेल्यात मेण वितळवलं
आणि ब्रशनं त्या ओळींवर फासलं,
खोकणाऱ्या पोराच्या छातीला बाम लावावा तसं.
"मेणाखालती ॲसिड जात नाही."
बिलात मेण नव्हतं.

रविवारी मुनाफभाईंनी कव्हर बसवलं.
बाहेरून असं लख्ख की
त्यात अख्खं गॅरेज वाकून उभं होतं,
टायर, बनियन, पानाचे डाग, मी.
शेजारचे दोघं पाहून गेले. "मस्त दिसते बाप्पा."
कोणी विचारलं नाही आत काय आहे.
नवं ऑइल ओतलं.

अमरावती रोडला, वाडीच्या पुढे
काटा मधोमध आला, इंजिन गरम झालं.
आत ते ऑइल उडत असणार
तारखांवर, एकशे चाळीसवर,
सुमनवर.
मी तिसऱ्या गिअरमधून चौथा टाकला.
चालली.